छापील पानाबाहेरचा ठेका

मुंबईत १९८२ साली एचएमव्हीने एक ध्वनिमुद्रिका काढली. ती वाजवणारे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले वादक होते. शंकर-जयकिशनपासून राहुलदेव बर्मनपर्यंत अनेकांच्या वाद्यवृंदांत ते बसलेले. त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे आली होती: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे छोटेखानी यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ही यंत्रे एकमेकांना जोडून त्यांनी भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ध्वनिमुद्रिका खपली नाही आणि विस्मरणात गेली.

वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्याने 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवरून ती पुन्हा प्रकाशित केली आणि युरोपातल्या नियतकालिकांत चरणजित सिंगांचे नाव झळकू लागले. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाचे 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये आले आणि ॲसिड हाउस या प्रकाराची सुरुवात तिथून धरतात. तेच टीबी-३०३, तसाच वळवळणारा खर्ज, पण मुंबईत पाच वर्षे आधी! बातमी झाली ती या पाच वर्षांची. खरे तर ना सिंगांना शिकागोची कल्पना होती, ना शिकागोला सिंगांची. तरीही 'ॲसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला का' हाच प्रश्न पुन्हा पुन्हा छापला गेला. टीबी-३०३ वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती भारतीय वादकाच्या हाती आल्यावर मींडेचे काय झाले? तोडीचा अतिकोमल गंधार पाश्चात्त्य स्वरांतरांत बांधलेल्या यंत्रावर कसा उतरला? सोळा घरांच्या ठरीव चक्रात ललतासारखा राग कसा मावला? हे प्रश्न मागेच राहिले. २०१५ मध्ये सिंग मुंबईत वारले. हे प्रश्न विचारायची तयारी मराठी रसिकाइतकी क्वचितच कुणाची असेल.

संगीत कुठे घडते आणि त्याविषयी कुठे, किती उशिरा, कोणत्या निमित्ताने छापून येते, या दोन गोष्टींमधल्या अंतराचा शोध म्हणजे हा निबंधसंग्रह. विषय आहे अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक संगीत आणि मुख्य प्रवाहातली संगीत मासिके. वरवर पाहता हा लंडन-बर्लिनचा विषय वाटेल. पण त्याची मुळे आपल्या अंगणापर्यंत आलेली आहेत आणि हे पुस्तक मराठीत असण्याचे कारणही तेच आहे.

नव्या वाचकासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. यंत्रांवर रचलेले, प्रामुख्याने नाचण्यासाठी असलेले, रेडिओ, चित्रपट आणि मोठ्या कंपन्या यांच्या वाटेला न जाता पसरणारे संगीत, असा 'अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक' या शब्दांचा ढोबळ अर्थ. शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबमध्ये फ्रँकी नकल्स वाजवत असे, त्या क्लबच्या नावावरून हाउस हे नाव पडले. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉंडरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी टेक्नो घडवले. या संगीताचे अर्थकारण मासिकांच्या अर्थकारणाशी जुळत नव्हते. मासिकाला मुखपृष्ठावर चेहरा हवा, मुलाखत द्यायला गायक हवा, जाहिरात द्यायला कंपनी हवी. इकडे काहीशे प्रतींची, वेष्टनावर नावही नसलेली तबकडी. तिला गायक नाही, शब्द नाहीत, आणि महिन्याचा अंक छापून होईस्तोवर तिचे आयुष्य संपलेले. दुर्लक्षाला तिरस्कार कारणीभूत असायचा तसाच छापखान्याचा हा हिशेबही.

ब्रिटनमधली दोन जुनी साप्ताहिके, १९२६ चे 'मेलडी मेकर' आणि १९५२ चे 'एनएमई', गिटार वाजवणाऱ्या गटांवर पोसलेली होती. त्यांच्या लेखकांना गाण्याचे शब्द वाचायची सवय होती. शब्दच नसलेल्या संगीताबद्दल काय लिहावे हे उमगायला त्यांना वेळ लागला. टेक्नोला छापील नाव आणि भूगोल मिळवून देणारा लेख आला तो 'द फेस' या फॅशन-संस्कृतीच्या मासिकात: मे १९८८ मधला स्टुअर्ट कॉसग्रोव्ह यांचा डेट्रॉइटवरचा लेख. त्याच वर्षी व्हर्जिन कंपनीचा टेक्नोचा संकलित अल्बमही आला. संगीत, लेख आणि बाजार एकत्र आले की एक शहर जगाच्या नकाशावर कसे उमटते, याचे हे ठळक उदाहरण.

त्याच १९८८ मध्ये 'द सन' या खपाऊ दैनिकाने आधी ॲसिड हाउसच्या हसऱ्या चेहऱ्याचे टी-शर्ट विकले आणि काही दिवसांतच त्याच संगीताविरुद्ध भयसूचक मथळ्यांची मालिका लावली. या वातावरणाची परिणती पुढे १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्यात झाली. उघड्यावरच्या रात्रीच्या मेळाव्यांना आळा घालताना त्या कायद्याने एकामागून एक येणाऱ्या आवर्ती ठेक्यांचा उल्लेख चक्क कलमात केला. संगीताच्या रचनेचे वर्णन करून त्यावर पोलिसांना अधिकार देणारे असे कलम विरळाच.

वार्तांकनाच्या परंपरा इथून फुटत गेल्या. एक परंपरा आतल्यांची: १९८३ मध्ये डीजेंच्या पत्रिकेपासून सुरू झालेले 'मिक्समॅग', मँचेस्टरचे 'जॉकी स्लट', जर्मनीतले 'ग्रूव्ह'. त्यांचे लेखक रात्री क्लबमध्ये असत आणि सकाळी लिहीत. माहिती अचूक, पण आपल्याच मित्रांबद्दल लिहिताना परीक्षण मवाळ व्हायचे. दुसरी परंपरा विचारवंतांची: 'द वायर' या ब्रिटिश मासिकातले लेखन, आधी 'मेलडी मेकर'मध्ये लिहिणाऱ्या सायमन रेनॉल्ड्स यांचे १९९८ चे 'एनर्जी फ्लॅश', त्याच वर्षीचे कोडवो एशून यांचे 'मोअर ब्रिलियंट दॅन द सन'. इथे ठेक्याला गंभीर विषयाचा मान मिळाला. तिसरी परंपरा यादीची. 'डीजे मॅग'ची शंभर डीजेंची यादी १९९७ पासून वाचकांच्या मतांवर ठरू लागली आणि ज्या संगीतात व्यक्ती गौण होती त्यात व्यक्तींची क्रमवारी आली. डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटाने मुलाखती आणि छायाचित्रे टाळली, प्रसंगी चेहरे झाकले, ते व्यक्तिपूजेच्या अशाच दबावाला दिलेले उत्तर होते. २००८ मध्ये 'बरियल' या अनामिक संगीतकाराचा अल्बम मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत आला, तेव्हा 'द सन'ने तो कोण आहे हे शोधण्याची मोहीमच उघडली. शेवटी त्याला स्वतःच नाव आणि छायाचित्र जाहीर करावे लागले.

समाजशास्त्रज्ञ सारा थॉर्नटन यांनी १९९५ च्या 'क्लब कल्चर्स'मध्ये मांडलेला मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. आधी शुद्ध अंडरग्राउंड असते आणि मग माध्यमे येऊन ते बिघडवतात, हे चित्र त्यांनी नाकारले. हस्तपत्रके, खास मासिके आणि भडक दैनिके या सगळ्यांचा अंडरग्राउंड घडवण्यातच हात असतो, असे त्या दाखवतात. हा संग्रह त्यांचे बोट धरून निघतो, पण एका ठिकाणी थबकतो. जिथे मासिकच पोहोचले नाही तिथे काय घडते? त्याचे उत्तर लंडनमध्ये सापडत नाही. ते गोव्यात, मुंबईत आणि विदर्भात शोधावे लागते.

गोव्याची कथा जगाला ठाऊक आहे, आणि ती जगानेच सांगितलेली आहे. १९७० च्या सुमारास हणजूणच्या किनाऱ्यावर आलेल्या हिप्पींच्या रॉकच्या मैफली १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक झाल्या. लॉरां, फ्रेड डिस्को आणि पुढे गोवा गिल नावाने ओळखला गेलेला अमेरिकन हे तिथले वाजवणारे. उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नसत, म्हणून कॅसेटवर आणि नंतर डॅट टेपवर वाजवायची पद्धत पडली. गाण्यातले शब्द कापून केवळ वाद्यांचा भाग लांबवायचा, या उद्योगातून गोवा ट्रान्सची लांबलचक, पहाटेपर्यंत चढत जाणारी रचना घडली. डिसेंबर १९९४ मध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकेनफोल्डचा 'गोवा मिक्स' बीबीसी रेडिओ १ वर वाजला आणि ब्रिटिश मासिकांनी गोवा ट्रान्सची लाट जाहीर केली. काही वर्षांत त्याच मासिकांना ती शिळी वाटू लागली.

या सगळ्या लेखनात गोवेकर कुठे होता? चटया अंथरून रात्रभर चहा, ऑम्लेट आणि केक विकणाऱ्या बायका छायाचित्रांत दिसतात. त्यांचे कान, त्यांचे मत दिसत नाही. अरुण सालढाणा यांच्या २००७ च्या 'सायकेडेलिक व्हाइट' या अभ्यासाने त्या किनाऱ्यावरचे वर्णभेद उघडपणे मांडले: कोण नाचतो, कोण पाहतो, पहाटे कोण मैदान व्यापतो. स्थानिक वृत्तपत्रांत हाच विषय आला तो अमली पदार्थ, आवाज आणि परवाने यांच्या बातम्यांतून. दोन्हीकडचे लेखन आपापल्या जागी खरे असूनही अपुरे राहिले, कारण संगीत एकाने ऐकले आणि गाव दुसऱ्याने पाहिले.

देशातल्या इंग्रजी मासिकांची वाट थोडक्यात सांगता येते. अलाहाबादहून १९९३ मध्ये निघालेले 'रॉक स्ट्रीट जर्नल' नावाप्रमाणेच रॉकचे होते. 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली, म्हणजे कांदोळीत 'सनबर्न' महोत्सव सुरू झाल्यानंतर. तोवर इलेक्ट्रॉनिक संगीत हा प्रायोजकांचा विषय झालेला होता. न्यूक्लिया या संगीतकाराने रस्त्यावरच्या ठेक्यांना मोठ्या मंचावर नेले आणि २०१५ च्या 'बास रानी'नंतर त्याच्यावर भरभरून लिहिले गेले. ज्या रस्त्यावरून ते ठेके आले, त्या रस्त्यावर लिहिणारे मात्र मोजकेच निघाले.

तो रस्ता महाराष्ट्रात शोधायला लांब जावे लागत नाही. लालबाग-परळच्या गिरणगावात आणि कोळीवाड्यांत बेंजो पार्ट्या होत्या आणि आहेत. हा बेंजो अमेरिकन नव्हे. जपानमध्ये १९१२ साली तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा हा भारतीय वंशज, म्हणजेच बुलबुलतरंग. बुलबुलतरंगाला वीज जोडली, तो भोंग्यातून वाजवला, जनरेटर हातगाडीवर चढवला आणि सोबत ताशे, ढोल, पुढे कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले. विजेवर चालणारे, रस्त्यावरचे, स्वतःच्या पैशाने उभे राहिलेले हे संगीत. रवी जाधव यांचा 'बँजो' चित्रपट २०१६ मध्ये आला तेव्हा कुठे मुंबईबाहेरच्या अनेक वाचकांना हे वादक कळले. नागपूर-भंडारा-गोंदियापासून थेट रायपूर-दुर्गपर्यंत धुमाल पार्ट्यांचे असेच एक वेगळे विश्व आहे: मालमोटारीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ड्रम आणि कर्ण्यांची भिंत. त्यांच्या वाजवण्याला शैली आहे, पार्टीपार्टींत चुरस आहे, वादकांना नावलौकिक आहे. कुठल्याही संगीत मासिकाची मुखपृष्ठकथा व्हावी एवढा ऐवज तिथे आहे.

आणि मग डीजे, म्हणजेच गावोगावच्या बोलीतली डॉल्बी. चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावातून या संगीताकडे पाहिले की मासिकांचा सगळा इतिहास वेगळाच भासतो. बुलढाणा जिल्ह्याला मिरवणुकीची जुनी सवय आहे. शेगावची पालखी, होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत पिंपळगाव सराईहून निघणारा संदल, १४ एप्रिलची भीमजयंती, गणपती, दुर्गा आणि उन्हाळ्यातल्या लग्नांच्या वराती. या वाटांवर बँडच्या जागी डीजेची गाडी आली. तिच्यावर वाजणारे संगीत लहान गावांतल्या खोल्यांत, एका संगणकावर, बहुधा एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर तयार होते. भीमगीत, देवीचे गाणे, लोकगीत किंवा चित्रपटगीत घ्यायचे, त्याची लय वाढवायची, शब्दांचे तुकडे करायचे, हलगीचा किंवा नाशिक ढोलाचा आवर्ती तुकडा खाली बसवायचा, मध्येच सगळे थांबवून पुन्हा खर्ज सोडायचा. 'साउंड चेक' म्हणून बनवलेले ट्रॅक तर गाण्याशिवायच असतात: संवादाचे तुकडे, भोंगे आणि छातीत घुमणारा खर्ज, दोन गाड्या समोरासमोर आल्या की ताकद अजमावण्यासाठी. चरणजित सिंगांनी शब्दांवाचून ठेका उभा केला, हणजूणच्या किनाऱ्यावर शब्द कापले गेले. गावच्या खोलीतला मुलगा त्याच वाटेने निघालेला आहे.

त्याचे नाव कुठे छापले जात नाही. ते त्याने ट्रॅकमध्येच पेरलेले असते. दर मिनिटाला घुमणाऱ्या आवाजात डीजेचे नाव आणि गाव येते. २०१६ मध्ये जिओ येऊन मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त होईपर्यंत हे ट्रॅक मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेताना पसरत. त्याआधी कॅसेट होती. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत गेले ते कॅसेटवरून. उत्तर भारतापुरता त्या कॅसेटयुगाचा अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर'मध्ये केला. मेमरी कार्डाच्या युगावर एवढ्या तोलाचे पुस्तक मराठीत यायचे आहे. कार्डे हरवली, संगणक भंगारात गेले, आणि एका पिढीच्या नाचाचा दस्तऐवज पुसला जातो आहे.

मराठी वृत्तपत्रांत डीजे येतो तो गुन्ह्याच्या, न्यायालयाच्या आणि आरोग्याच्या बातमीत. त्या बातम्या खऱ्या आहेत आणि आवश्यकही आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्यावर शिक्कामोर्तब केले. २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. कानांचे पडदे, हृदयरोगी, तान्ही मुले, लेसरच्या झोतांनी दुखावलेले डोळे यांची काळजी करणारा माणूस संगीताचा शत्रू नव्हे. भिंती हादरवणाऱ्या आवाजाचे समर्थन या पुस्तकातला एकही निबंध करत नाही. पण आवाज किती मोठा हे मोजून झाल्यावर तो कसला आहे हेही विचारायला हवे. हा दुसरा प्रश्न संगीत समीक्षेचा आहे, आणि तो मराठीत विचारला गेला नाही याची खंत पानापानांतून जाणवते.

खंत अधिक का, तर मराठीची श्रवणपरंपरा थोर आहे. केशवराव भोळे, गोविंदराव टेंबे यांनी गायकीचे बारकावे शब्दांत पकडले. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'त घराण्यांचे सौंदर्यशास्त्र उलगडले. प्रा. बा. र. देवधर यांच्या संपादनाखाली 'संगीत कला विहार'ने रागसंगीताला हक्काचे मासिक दिले. अशोक दा. रानडे यांनी तर कलासंगीताच्या बरोबरीने लोकसंगीत आणि जनसंगीत यांना अभ्यासाच्या कोटी मानून स्वतंत्र शास्त्राची पायाभरणी केली. रानड्यांनी दार उघडले होते, त्यातून आत जाणारे कमी पडले. दिवाळी अंकांनी चित्रपटसंगीताच्या आठवणी वर्षानुवर्षे छापल्या. अंकाच्या प्रकाशनाच्या दिवसांतच रस्त्यावर वाजणाऱ्या संगीताला त्यांत जागा सापडली नाही. 'सैराट' चित्रपटाच्या संगीताविषयी २०१६ मध्ये रकाने भरले, त्यात अमेरिकेतल्या वाद्यवृंदाचे कौतुक अग्रभागी होते. त्यातल्या 'झिंगाट' गाण्याच्या ठेक्याने सारे राज्य नाचवले, त्या ठेक्याचे वरातीशी असलेले नाते मात्र ओझरते राहिले.

बाहेरच्या शिक्क्याची वाट पाहण्याची सवय अजून सुटलेली नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझरसह स्टुडिओ उभा राहिला होता; तिथल्या टेप्स जगापुढे आल्या त्या पॉल पर्गस या ब्रिटनमधल्या कलावंताच्या शोधामुळे, थेट २०२३ च्या ध्वनिमुद्रिकेतून. क्रॅटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये गाजले. मराठी शब्दांवरचे हे हाउस संगीत नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले. मराठी इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, हे त्यानंतर पुष्कळांनी मान्य केले. आनंदाचीच गोष्ट, पण अमडापूरच्या वरातीत ते कितीतरी आधीपासून वाजत होते.

आता हे पुस्तक निघण्याची निकड वेगळीच आहे. 'एनएमई'ची छापील आवृत्ती मार्च २०१८ मध्ये बंद झाली. जर्मनीतली 'स्पेक्स' आणि 'ग्रूव्ह' त्याच वर्षी छपाईतून गेली, ब्रिटनचे 'क्यू' २०२० मध्ये. ज्या मासिकांशी भांडायचे तीच उरली नाहीत. त्यांनी हजार चुका केल्या, पण डेट्रॉइटचे त्या वेळचे टेक्नो आज वाचता येते ते कुणीतरी तिथे जाऊन, ऐकून, लिहून ठेवल्यामुळे. अयोग्य वार्तांकनाची दुरुस्ती पुढच्या पिढीला करता येते. जे लिहिलेच गेले नाही त्याची दुरुस्ती कशी करणार?

म्हणून या संग्रहाने दोन कामे एकत्र हाती घेतली आहेत. परदेशी मासिकांच्या पन्नासेक वर्षांच्या लेखनाचे मूल्यमापन, आणि त्या मूल्यमापनातून मिळालेली शिस्त घेऊन आपल्या रस्त्यावरच्या यंत्रसंगीताची पहिली नोंद. लेखक क्लबमध्ये गेले तसे मंडपामागे, जनरेटरच्या गाडीजवळही उभे राहिले. त्यांनी वादकाला त्याच्या वाद्याबद्दल विचारले, दारिद्र्याबद्दल नव्हे. सगळे निबंध सारख्या वजनाचे नाहीत. गोव्यावरचे लेखन भक्कम आहे. धुमालवरचे अजून कच्चे आहे, कारण तिथे आधार घ्यावा असे आधीचे लेखन नाही. स्त्रिया या संगीतात नाचणाऱ्या म्हणून दिसतात, घडवणाऱ्या म्हणून क्वचित. ही उणीव विषयाची आहे तशी पुस्तकाचीही आहे. पण मराठीत या विषयाला शास्त्रीय संगीताच्या समीक्षेइतक्याच गांभीर्याने भिडणारे पुस्तक हवे होते, आणि हे तसे पुस्तक आहे.

वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या बेंजो पार्टीच्या जुन्या कॅसेटी, डीजेंनी भरून दिलेली मेमरी कार्डे, सीडी, मंडळांची निमंत्रणपत्रे, वरातीचे व्हिडिओ घरात पडून असतील तर ते टाकून देऊ नका. त्यावर साल, गाव आणि वाजवणाऱ्याचे नाव लिहा, एक प्रत काढा आणि गावातल्या शाळेच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन करा.

अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा